उघड्या डोळ्यांचा नमस्कार

देवाला नमस्कार करताना मी डोळे मिटत नाही. देवळात शेजारच्या बायका हात जोडून डोळे मिटतात, आणि मी मात्र देवीच्या नथीकडे टक लावून उभी असते. एका बाईंनी तर मला, देवीच्या दागिन्यांवर डोळा आहे की काय, असं तोंडावर विचारलं. डोळे मिटले की मी पडते, असं सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

थट्टा नाही. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा देवघरात गेले, डोळे मिटून वाकले आणि थेट देव्हाऱ्यावर आदळले. बाळकृष्ण घरंगळत चुलीपर्यंत गेला. तेव्हापासून देवाची आणि माझी या बाबतीत समजूत झालेली आहे.

आता लिहायला बसले ती मिरजोळ्याच्या एका मुलीमुळे. मध्यंतरी तिची आई तिला आमच्याकडे घेऊन आली. मुलगी तापातून उठलेली, भिंत धरधरून चालणारी, हाक मारली तर भलतीकडे बघणारी. कोणी म्हणे तिला बाहेरचं झालंय, कोणी म्हणे ढोंग करते. घरच्यांनी बिचारीला काळोखात निजवून ठेवलं होतं. मला ठाऊक होतं ते मी त्यांना सांगितलं. पण अशा मुली आणखीही असतील, आणि सगळ्याच काही आमच्या ओटीवर येऊन बसणार नाहीत.

रहाट

माझं माहेर मालगुंडचं. आई लहानपणीच गेली, त्यामुळे शकूच्या वेळचं बाळंतपण सासरी, रत्नागिरीलाच झालं. बंदराकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर, मागे पोफळीचं आगर, आगराच्या पलीकडे पऱ्या, म्हणजे ओढा. घरात सासूबाई आणि मी. मामंजी मी यायच्या आधीच वारलेले. हे मुंबईला एका पेढीवर कारकून, सुट्टी मिळेल तेव्हा बोटीने यायचे.

शकू जेमतेम महिन्याची असेल तेव्हा मला ताप भरला. तो कसला होता याबद्दल पुढे डॉक्टरांतही एकमत झालं नाही, तर मी काय सांगणार? एवढं आठवतं की डोकं फुटेल असं दुखत होतं, आणि मी सासूबाईंना 'आई, आई' म्हणत होते. एरवी मी त्यांना कधी आई म्हटलं नव्हतं.

ताप उतरला त्या सकाळी मी विचारलं, आज रहाट केव्हापासून लावलाय? कानात सारखी रहाटाची करकर चालली होती. सासूबाई माझ्यावर वाकल्या. त्यांचे ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. मला वाटलं त्यांचा घसा बसलाय. मग मी शकूकडे पाहिलं. ती पाळण्यात तोंड लालबुंद करून रडत होती, आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

डावा कान पुरता गेला होता. उजव्याला कानाशी तोंड नेऊन बोललं तर ऐकू यायचं, अजूनही येतं. त्या दिवशी मला वाटलं हाच माझा आजार. पण दुपारी उठून उभी राहिले तर जमीन एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे. सासूबाईंनी धरलं म्हणून वाचले. अशक्तपणा आहे, सगळेच म्हणाले. मीही तेच म्हटलं.

काळोखाची खोली

सासूबाईंनी मला जीव लावून सांभाळलं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला त्यांचा राग यायला नको.

आमच्याकडे बाळंतिणीला काळोखाच्या खोलीत ठेवायची रीत आहे. खिडकी बंद, कानात कापसाचे बोळे, वरून कानपट्टी घट्ट बांधलेली, म्हणजे कानात वारं शिरत नाही. खाटेखाली शेगडी. मी तर बाळंतीणही आणि आजारीही. सासूबाईंनी सगळं दुप्पट केलं. एका कानपट्टीच्या दोन झाल्या. पडले तर लागू नये म्हणून खोलीभर गाद्या अंथरल्या, पायांना गारठा नको म्हणून यांचे मुंबईचे लोकरीचे पायमोजे घातले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. शेजारच्या बायका येऊन म्हणायच्या, सून असावी तर अशा सासूची.

आणि मी दिवसेंदिवस बिघडत चालले. सुरुवातीला भिंत धरून तरी उभी राहत होते, मग तेही होईना. त्या गादीवर पाऊल टाकलं की पाय कुठे टेकला तेच कळायचं नाही. काळोखात वर कुठे, खाली कुठे, याचा पत्ता नाही. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की मी मरणारच आहे, फक्त जरा सावकाश.

एकदा तिन्हीसांजेला सासूबाई गाय बांधायला गेल्या होत्या. शकू माझ्या शेजारी निजली होती. हात लावला तर ती हुंदके देऊन देऊन घामेजली होती. केव्हापासून रडत होती देव जाणे. मी तिला उचलून उभी राहिले. सासूबाईंना हाक मारायला दारापर्यंत जाणार, इतकंच. ते दार कुठल्या बाजूला आहे तेच मला कळेनासं झालं, आणि मी पोरीसकट कोसळले.

शकू गादीवर पडली, तिला काही झालं नाही. माझा हात शेगडीवर गेला. तो डाग अजून मनगटावर आहे, पण मला त्याचं काही वाटत नाही. मला आठवतात त्या धावत आलेल्या सासूबाई. त्यांनी शकूला छातीशी धरलं, माझ्या उजव्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "ही मी आता तुझ्याकडे देणार नाही हो. रागावू नको. पण नाही देणार."

मी रागावले नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. त्या दिवसापासून शकू त्यांच्या कुशीत निजायला लागली. माझं दूध तापातच आटलं होतं. त्या तिला बोंडल्याने गाईचं दूध पाजायच्या. दारातून मला दाखवायला आणायच्या तेव्हा ती त्यांच्या पदरात तोंड लपवायची. माझीच पोर मला परकी समजायला लागली, याहून जास्त दुखणारं त्या आजारात काही नव्हतं.

बोट

गावच्या डॉक्टरांनी शक्तीची औषधं दिली, ती संपली, पुन्हा दिली. शेवटी ते म्हणाले, मुंबईला कानाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. हे मला न्यायला आले. नारळी पुनव होऊन बोटी सुरू झाल्या होत्या, पण समुद्र अजून शांत झालेला नव्हता. शकू सासूबाईंशिवाय राहीना, म्हणून त्याही निघाल्या.

सासूबाईंचा सारा जन्म बंदराजवळ गेला, पण आगबोटीत पाऊल टाकायची त्यांची ही पहिलीच वेळ. बोट लागू नये म्हणून त्यांनी आमसुलं, लिंबं, आवळकाठी असा जामानिमा बरोबर घेतला. त्यातलं निम्मं माझ्यासाठी होतं. जी घरातल्या घरात भोवंडून पडते तिचं बोटीत काय होईल, या काळजीने त्या आदल्या दिवशी जेवल्याही नव्हत्या. एका खलाशाने मला, किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातून, पोत्यासारखं उचलून शिडीवर ठेवलं. डेकवर पोचल्यावर मी लोखंडी भिंतीला पाठ लावून बसले आणि वाट बघत राहिले.

बोट हलायला लागली तशी माणसं एकेक करून आडवी झाली. आमच्यात पहिला नंबर यांचा. हे दर वर्षी बोटीने यायचे आणि दर वर्षी आडवे व्हायचे. वर आम्हांला सांगायचे की मला सवय आहे. सासूबाईंनी बराच वेळ दात आवळून धरले होते. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी शकूला माझ्याकडे दिली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हातांतून ती निसटायला लागली, तशी मी घेतली.

मला काहीच होत नव्हतं. बोट वर जात होती, खाली येत होती, ते मला दिसत होतं, पोटात मात्र काही नव्हतं. एखाद्या ओटीवर बसावं तशी मी बसले होते. शकूने आधी माझ्याकडे पाहून ओठ काढला आणि रडायला लागली. मी तिला छातीशी घट्ट धरलं, आणि तिचं रडणं मला कळलं. कानाने नव्हे, छातीच्या हाडांना कळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी माझ्या पोरीचं रडणं ऐकत होते, आणि ते थांबू नये असंही क्षणभर वाटलं. मग मी बोंडलं काढून तिला दूध पाजलं. ती माझ्या नाकाकडे बघत प्यायली आणि झोपली.

मी एका हाताने शकूला धरून दुसऱ्या हाताने सासूबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. बादली घेऊन फिरणारा खलाशी थांबला आणि माझ्या कानाशी ओरडला, "बाय, तुला बोट नाय लागत? येवडे तांडेल पन आडवे व्हतात आज." मी मान हलवली. मला वाटलं, चला, एक तरी चांगली गोष्ट देवाने शिल्लक ठेवली. ती चांगली गोष्ट म्हणजेच माझा आजार होता, हे मला कुठे ठाऊक होतं.

फिरती खुर्ची

इस्पितळात मला बायकांच्या वॉर्डात खाट मिळाली. सकाळी ताप बघायचा, मग पातळ चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग दिवसभर छताकडे बघणं. रात्री दिवे मालवले की मला धडकी भरायची. खाट कलंडते आहे असं वाटून मी दांडा घट्ट धरून पडायची. तिथल्या नर्सबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त माझ्या उशाकडचा दिवा कापडाने झाकून जळता ठेवायला लागल्या. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही.

डॉक्टर माझ्याशी बोलताना कागदाची सुरळी करून कानाशी धरायचे. बोलता बोलता मी त्यांना बोटीची गोष्ट सांगितली, काहीतरी हसण्यासारखं म्हणून. ते हसले नाहीत. लिहिता लिहिता थांबले आणि मला एका फिरत्या खुर्चीवर बसवलं. आम्ही मुली मंगळागौरीला फुगड्या घालायचो तशी त्यांनी ती गरगर फिरवली आणि एकदम थांबवून माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला चक्कर आली नाही. मग कानात गार पाणी सोडलं. त्याने कोणालाही भोवंडून यावं म्हणे. मला नुसतं गार लागलं. शेवटी पाय जुळवून उभी राहा आणि डोळे मिट म्हणाले. मिटले, आणि नर्सबाईंच्या अंगावर कोसळले.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. कानाच्या आत, ऐकायच्या यंत्राला लागूनच, तोल सांभाळणारं दुसरं यंत्र असतं. मान कुठे वळली, अंग कुठे कललं, ते त्याला कळतं. बोट लागते ती त्यालाच, फुगडीत चक्कर येते ती त्याच्यामुळेच. तापाने माझी दोन्ही बाजूंची ती यंत्रं नेली होती. चालताना मला समोरची झाडं, माणसं सगळी हिंदकळताना दिसायची, ओळखीचा चेहराही थांबल्याशिवाय ओळखू यायचा नाही, तेही त्यामुळेच. मी विचारलं, परत येतील? ते म्हणाले, नाही. सुरळीतून ऐकलेलं ते 'नाही' मला फार मोठ्याने ऐकू आलं.

मी तोंडावर पदर घेऊन रडले. पोर कडेवर घेऊन चार घरं जाणं, एवढंही आता नशिबात नाही असं वाटलं. डॉक्टर रडणं थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले की माणूस एकट्या कानाच्या जोरावर उभा राहत नाही. डोळे असतात आणि पायांचे तळवे असतात, सांधे असतात. कानाचं काम ते शिकतात, पण त्यांना शिकू द्यायला हवं.

यांच्या एका चुलत्यांनी त्याच आठवड्यात, अशा बायकोचं तू काय करणार, दुसरं लग्न उरक, असं सुचवलं होतं. ते माझ्या कानावर आलंच. असल्या गोष्टी बहिऱ्यालाही ऐकू येतात. मी यांना सरळ विचारलं. हे खाटेच्या कडेला बसून टोपी फिरवत राहिले. मग वाकून म्हणाले, "बोटीवर माझ्या आईचं डोकं धरणारी दुसरी कुठून आणू?" वॉर्डात बाकी बायका होत्या म्हणून, नाहीतर मी त्यांचे पाय धरले असते.

चुलीचे तीन धोंडे

सासूबाईंना यंत्र वगैरे काही समजेना. मी म्हटलं, चुलीचे तीन धोंडे असतात ना, त्यांतला एक माझा गेला. दोन उरले, डोळे आणि पाय. त्यांवर भांडं राहतं, पण लक्ष ठेवून ठेवावं लागतं.

त्या माझ्या पायांशी बसल्या होत्या. शकू त्यांच्या मांडीवर होती. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. लोकरीचे मोजे अजून पायांत होते. मग त्यांनी शकूला खाटेवर ठेवलं आणि ते मोजे दोन्ही हातांनी ओढून काढले. उठून माझ्याजवळ आल्या, तपासणीनंतर त्यांनीच पुन्हा बांधलेली कानपट्टी सोडली, उजव्या कानातला बोळा काढला आणि त्याच कानाशी म्हणाल्या, "एक धोंडा तापाने नेला. उरलेले दोन मी मेलीने काढून घेतले की गो."

मी म्हटलं, तुम्ही आईसारखं जपलंत.

"जपलं हो," त्या म्हणाल्या. "जपून जपून आंधळी-पांगळी केली तुला."

त्या रडायला लागल्या, मग मी, आणि आम्हां दोघींना बघून शकूही. नर्सबाई धावत आल्या; त्यांना वाटलं काय झालं.

अनवाणी

घरी आल्यावर सासूबाईंनी काळोखाच्या खोलीची खिडकी जी उघडली ती पुन्हा लावली नाही. गाद्या माळ्यावर गेल्या. मी चटईवर निजायला लागले. सकाळी ऊन पडलं की अंगणात, जांभ्याच्या फरसावर मला अनवाणी चालवायचं, हा नेम. जांभा पायाला टोचतो, तेच चांगलं. तळव्याला खबर लागते. सासूबाई बरोबर चालायच्या. त्यांनी मला धरायचं नाही, मी फक्त एक बोट त्यांच्या दंडाला लावायचं. जोर द्यायचा नाही, नुसतं लावायचं. एवढ्याशा स्पर्शाने अंगाला आपली जागा कळते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना हे मुद्दाम सांगते: त्याला आवळून धरू नका, आपला दंड पुढे करा.

दुसरं शिकले ते नजरेचं. समोर एक पोफळ धरायची, तिच्यावर डोळे रोवायचे आणि तिच्याकडे चालायचं. ती हिंदकळायची, पण महिन्यामहिन्याने कमी हिंदकळायची. मान झटकन वळवायची नाही. तोंड धुताना एक हात भिंतीला. दिवेलागणीनंतर कंदिलाशिवाय हलायचं नाही. ज्या दिवशी थकवा असेल त्या दिवशी जास्त पडायला होतं, त्याने घाबरायचं नाही. मी पडले, पुष्कळ पडले.

त्याच अंगणात शकू उभं राहायला शिकत होती. एक पोर इकडे बसकण मारतंय, एक तिकडे, कोणाला उचलू, असं सासूबाई म्हणायच्या. शकू मला आता ओळखायची. बसलेली असले की माझ्या मांडीत यायची. पण मी उभ्याने हात पुढे केले की सासूबाई कानाशी येऊन म्हणायच्या, "बसून घे गो." मी बसायची. बाकी सगळं मिळालं होतं, तेवढं राहिलं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. ते मागायला मात्र तोंड उघडत नव्हतं. एकदा पाडली होती मी तिला.

साकव

शकूला वर्ष झालं तेव्हा देवीची ओटी भरायला आम्ही तिघी गेलो. देऊळ पऱ्याच्या पलीकडे. पऱ्यावर पोफळीच्या खोडांचा साकव, एका अंगाला बांबूचा आधार. जाताना सासूबाईंनी शकूला आधी पलीकडे नेलं, तिला बसवलं आणि मग येऊन मला बोट लावू दिलं. देवळात मी उघड्या डोळ्यांनी ओटी भरली.

परतताना सावल्या लांब झाल्या होत्या. साकवापाशी आलो तशी शकूने सासूबाईंच्या कडेवरून माझ्याकडे हात पसरले. सासूबाईंनी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं, ती पुन्हा वळली आणि रडायला लागली. मी खाली बसायला लागले, सवयीने. सासूबाईंनी मानेनेच 'बसू नको' म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पऱ्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन शकूला माझ्या कडेवर ठेवलं, मी उभी असतानाच, आणि कानाशी म्हणाल्या, "माझ्या पाठीवर नजर ठेव. मी वळायची नाही. वळले तर तुझी नजर हलेल."

आणि त्या पुढे झाल्या. मी त्यांच्या पाठीवरच्या पदराच्या काठावर डोळे रोवले, उजव्या हाताचं बोट बांबूला लावलं आणि पाय उचलला. खोड तळव्याखाली गोल, खरखरीत. शकूने माझी मान धरली होती. खाली थोडं पाणी होतं, त्याच्याकडे मी बघितलं नाही. काठ हिंदकळत होता, पण तिथेच होता. जिने मला इतके महिने एकदाही नजरेआड होऊ दिलं नव्हतं ती बाई आपली एकुलती नात माझ्या कडेवर देऊन, मान ताठ धरून पुढे चालली होती.

पलीकडे पोचल्यावरही त्या वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पाठीला हात लावला तेव्हा कळलं, त्या थरथर कापत होत्या. मग वळल्या. चेहरा सगळा ओला. त्यांनी आधी शकूच्या आणि मग माझ्या तोंडावरून हात फिरवला.

पुढे आगरातून वाट, तिथे काळोख लवकर दाटतो. माझं एवढं पुरे झालं असं समजून मी शकूला त्यांच्याकडे द्यायला गेले. त्यांनी हात पुढे केले नाहीत. खाली वाकून कंदील पेटवला आणि माझ्या पावलांपुढे उजेड पडेल असा धरला.

"असू दे तुझ्याकडेच," त्या कानाशी म्हणाल्या. "मला कंदील धरायचाय."